खुंटीचं ब्लडप्रेशर

सिद्राम तळभंडारे यांच्यावरचा आरोप असा होता की, ते झोपले की त्यांचा रक्तदाब चढतो. दिवसा हा माणूस संपूर्ण निर्दोष. केव्हाही पट्टा बांधा, आकडा असा सज्जन यायचा की डॉक्टरीणबाईंनाच संकोच वाटावा. पण रात्री, घरचे दिवे मालवल्यावर, सिद्रामभाऊ आतल्या आत काहीतरी उद्योग करतात, असा बाईंचा संशय होता.

भाऊंनी उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. चौकशा त्यांना नव्या नव्हत्या. एकदा जेऊरच्या प्रवाशांना केमच्या गाडीत बसवल्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली होती आणि त्यांनी तिचं उत्तर इतकं लांबलचक दिलं होतं की साहेबांनी ते अर्ध्यावर सोडून प्रकरणच मिटवलं. पण ते कृत्य जागेपणी घडलं होतं. झोपेत केलेल्या गुन्ह्याचा खुलासा कसा द्यायचा, हे महामंडळाच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

"मी झोपल्यावर मी काय करतो याला मी जबाबदार न्हाय," असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं.

"तुम्ही नाही हो, तुमच्या रक्तवाहिन्या," बाई म्हणाल्या. "ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्यासारखी वाटते. शिवाय तुम्ही घोरता."

"कोण म्हणतं?"

बाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं भाऊंची बायको, चांगुणाबाई, पदर सारखा करत बसल्या होत्या. साक्षीदार फितूर असल्याचं भाऊंच्या तेव्हाच लक्षात आलं.

हे सगळं उपटलं ते जयंतीच्या लेझीममुळं. भवानी पेठेतल्या त्यांच्या मंडळाचं लेझीम पथक दरवर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत उतरतं, आणि पहिल्या रांगेतली उजव्या कडेची जागा भाऊंची. ती त्यांना कुणी दिलेली नाही आणि कुणी मागितलेलीही नाही. ती त्यांची आहे, एवढंच. यंदा मात्र पथकाचा कप्तान नवनाथ याने नियम काढला : साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय लेझीम हातात धरायची नाही. कारण गेल्या वर्षी उन्हानं एक ज्येष्ठ खेळाडू भर चौकात खाली बसले होते. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय, त्यांना ते खाली बसणं शहाणपणाचं वाटेल. पण नवनाथ घाबरला. या नवनाथला लेझीमचा पहिला हात भाऊंनीच शिकवलेला. आता तोच त्यांना म्हणत होता, "काका, जय भीम. तेवढी चिठ्ठी आणा की."

घरातून पाठिंब्याची आशा नव्हतीच. "चिट्टी आल्याबिगर पायरी उतरायची न्हाय," चांगुणाबाईंनी जाहीर केलं. "चौकात पडलासा म्हंजे उचलायला मलाच यावं लागंल."

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. चोवीस तासांचं एक मशीन असतं. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासानं पट्टा आपला आपण फुगतो, दाब मोजतो आणि डबीत साठवतो. रात्री झोपेतसुद्धा. "तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगते," बाई म्हणाल्या, कारण समोरचा माणूस एसटीचा आहे हे त्यांनी हेरलं होतं. "रात्री सगळ्या गाड्या डेपोत यायला पाहिजेत. दाब खाली उतरला पाहिजे. काही जणांचा उतरतच नाही. रात्रभर गाड्या भरधाव रस्त्यावर. मग रस्ता खराब होणार की नाही? रक्तवाहिन्या कडक होत जातात. उन्हात पडलेल्या रबरी पाइपसारख्या. आणि पाइप कडक झाला की दाब आणखी वाढतो."

उपमा भाऊंना पटली, आणि म्हणूनच त्यांना तिचा राग आला. आपल्या अंगात एक रबरी पाइप उन्हात पडलाय ही कल्पना घेऊन ते घरी आले.

पेठेत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पहिला सल्ला इमामसाबचा. इमामसाब हे भाऊंचे डेपोपासूनचे दोस्त. उभी नोकरी त्यांनी मुंबईच्या रातराणीचं स्टिअरिंग धरून काढली होती.

"काय बे कंट्रोलर, रात का बीपी बोलतेत तुझे? सीधी बात हाय. रात को सोनाच नक्को!"

"म्हणजे?"

"रात्री झोपला तर चढतंय ना? मग दिवसा झोप. मेरेकू देख, तीस साल रात को जागा. हाय का मला रात का बीपी?"

"तपासलंस का कधी?"

"तपासा तो निकलेगा ना! तपासतो कशाला?"

या युक्तिवादात खोट कुठं आहे ते भाऊंना सापडेना. सापडली असती तरी इमामसाबनं ती मान्य केली नसती.

दुसरा सल्ला कोपऱ्यावरच्या औषध दुकानाचे मालक अमरेश यांचा. त्यांनी गुलाबी मिठाचा पुडा पुढं केला. "यप्पा, साधं मीठ बंद करा. हे डोंगरातलं. हे मिठात धरत नाहीत." भाऊंनी जिभेवर ठेवून पाहिलं. खारट होतं. "खारट आहे म्हणून काय झालं," अमरेश म्हणाले, "स्वभावानं थंड आहे." पुढं डॉक्टरीणबाईंनी मीठ कुठल्याही रंगाचं असलं तरी ते मीठच, असं सांगितलं तेव्हा अमरेश दुखावले आणि म्हणाले की, बाई अजून लहान आहेत.

चांगुणाबाईंनी मात्र सल्ला दिला नाही, थेट अंमलबजावणी केली. भाजीतलं मीठ गेलं. शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर गेला. आणि घरात दोन भाज्या करायची पद्धत नसल्यामुळं त्याच अळणी भाजीला दोघंही बसले. भाऊंनी पहिला घास तोंडात घेतला आणि असा चेहरा केला की तो पाहून कुठल्याही राज्यघटनेनं माणसाला संरक्षण दिलं असतं. चांगुणाबाई शांतपणे जेवत राहिल्या.

मशीन बांधायला ते सात रस्त्याजवळच्या एका तपासणी केंद्रात गेले. तिथला मल्हार नावाचा तंत्रज्ञ वयानं कोवळा असला तरी आवाजानं मुख्याध्यापक होता.

"काका, पट्टा फुगायला लागला की जिथं असाल तिथं थांबायचं. हात खाली सरळ. बोलायचं नाही. हलायचं नाही. रात्री काढायचा नाही."

"आणि काढला तर?"

"रीडिंग कमी आली की टेस्ट बाद. पुन्हा करावी लागेल. सोलापुरात आमच्याकडं हे एकच मशीन आहे, पुढची तारीख डायरेक्ट एप्रिल संपताना."

एप्रिल संपताना म्हणजे जयंती होऊन गेल्यावर. भाऊंनी चांगुणाबाईंकडं पाहिलं. त्या मल्हारचं बोलणं शिकवणीला बसल्यासारखं ऐकत होत्या.

दिवस भाऊंनी कसा काढला हे पेठ अजून विसरलेली नाही. मंडईत ते कोथिंबिरीच्या एका पाटीपुढं उभे होते. बाईनं भाव सांगितला आणि नेमका त्याच क्षणी पट्टा फुगला. भाऊ जागच्या जागी ताठ. हात सरळ, नजर दूर, ओठ मिटलेले. बाई म्हणाली, "बरं, थोडं कमी द्या." भाऊ गप्प. "अवो, तुमच्यासाटनं आजून कमी करते." भाऊ गप्प. "आता फुकट नेता का काय?" पट्टा सुटला, भाऊंनी श्वास सोडला आणि म्हणाले, "एक जुडी द्या." ती बाई नंतर बऱ्याच जणांना सांगत होती की इतकं कठोर गिऱ्हाईक तिनं जन्मात पाहिलं नाही.

संध्याकाळी कन्ना चौकातल्या चहाच्या टपरीवर याहून वाईट झालं. पाणीपुरवठा या विषयावर भाऊ बोलत होते. सोलापुरात चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही आडवेळेला येणारं पाणी हा भाऊंचा हातखंडा विषय; त्यात त्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, यावर उपाय काय?" आणि पट्टा फुगला. भाऊंकडं उपाय होता. तयार होता. पण ते पुतळ्यासारखे उभे राहिले आणि गृहस्थ विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा! उत्तर नाही!" टपरीवरचे लोक हसले. पट्टा सुटेपर्यंत गृहस्थ रिक्षात बसून गेलेसुद्धा. भाऊंचं पक्कं मत आहे की त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आकडा त्या वेळचा असणार, आणि त्याची जबाबदारी महानगरपालिकेची.

रात्री अंथरुणावर पडल्यावर पट्टा पुन्हा फुगला, तेव्हा भाऊ उठून बसले. दिवसभर त्यांनी या वस्तूचा मान राखला होता. मंडईत राखला, टपरीवर राखला. पण झोप ही माणसाची खासगी बाब आहे. डेपोतसुद्धा ड्युटी संपल्यावर साहेबाचा फोन घ्यायला कायद्यानं कुणी बांधलेलं नसतं. "झोपेत मी कुणाचा नोकर न्हाय," असं म्हणून त्यांनी पट्टा सोडला, डबीसकट भिंतीवरच्या खुंटीला अडकवला आणि कुशीवर वळले. चांगुणाबाई तोवर गाढ झोपल्या होत्या. निदान तसं दिसत तरी होतं.

सकाळी जाग आली तेव्हा पट्टा त्यांच्या दंडावर होता.

भाऊंनी खुंटीकडं पाहिलं. खुंटी रिकामी. दंडाकडं पाहिलं. पट्टा बांधलेला, तोही मल्हारनं बांधला त्याहून नीट. आपण काढला की काढल्याचं स्वप्न पडलं? स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. विचारावं तर काढल्याची कबुली द्यावी लागणार. तेव्हा भाऊंनी प्रश्न गिळला आणि वर चहा घेतला.

अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर पसरला. "दिवसाचं ठीकठाक आहे. दोन ठिकाणी जरा उडी दिसतेय."

"एक टपरी," भाऊ म्हणाले. "दुसरी मंडई."

"पण रात्र बघा. दाब उतरलेलाच नाही. उलट वर. आणि वरच्या-खालच्या आकड्यांत अंतरही भरपूर, म्हणजे वाहिन्या कडक झाल्यात. आता चिठ्ठी कशी देऊ मी?"

चांगुणाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. भाऊंना वाटलं, विजयानं.

आणि इथं भाऊंच्या मनात बंडाची ठिणगी पडली. कारण आता त्यांची खात्री पटली होती : पट्टा त्यांनी काढला होता. खुंटीला अडकवताना ती जरा हलली होती, तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलंही होतं की हिला खिळा मारला पाहिजे. स्वप्नात माणूस असल्या घरदुरुस्त्या ठरवत नाही. म्हणजे मशीन रात्रभर भिंतीवर होतं; सकाळी ते दंडावर कसं आलं, हा प्रश्न त्यांनी सोयीनं बाजूला ठेवला. म्हणजे हे आकडे थापा होते. आणि या थापांपायी त्यांची पहिल्या रांगेतली उजवी कड जाणार होती!

ते थेट तपासणी केंद्रात गेले.

"तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडत नाही, काका," मल्हार म्हणाला. "बिघडलं तर कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येतो."

"मग बोलवा त्याला."

"तो मशीन बिघडल्याशिवाय येत नाही."

"बिघडलंय म्हणतोय ना मी!"

"तसं इंजिनिअरनं म्हटलं पाहिजे."

भाऊंना राग तर आलाच. पण तीन दशकं प्रवाशांना हेच सांगून खिडकीतून परत पाठवलेल्या माणसाला एक जाणकार कौतुकही वाटलं. हे पोरगं एसटीत असतं तर डेपो मॅनेजर झालं असतं.

मन हलकं करायला त्यांनी सगळी हकिकत इमामसाबला सांगितली, कुणाला सांगू नकोस या अटीवर. इमामसाबनं ती अट अर्धा दिवस पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पेठेतली माणसं खुंटी बघायला येऊ लागली.

"हीच का ती? बीपीची?"

"हात लावू नका, चढंल."

अमरेश दुकान बंद करून आले. त्यांनी खुंटीला दोन बोटं लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाडी लागत नाही." इमामसाबनं आणखी पुढचा शोध लावला. भिंतीपलीकडं चादरीचा कारखाना होता. "वो लूम रात भर चलतेत ना? खडखड भिंतीत उतरतीया, भिंतीतनं खुंटीत, खुंटीतनं मशीनमध्ये! कंट्रोलर, हे तुझं नाय, पावरलूमचं बीपी हाय!" जमलेल्यांनी माना डोलावल्या. इतकं शास्त्रशुद्ध विधान इमामसाबच्या तोंडून पूर्वी कधी निघालं नव्हतं. भाऊंचा चेहरा उजळला. शास्त्र त्यांच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

या सगळ्या गर्दीला चहा देणाऱ्या चांगुणाबाई मात्र एक शब्द बोलत नव्हत्या. चांगुणाबाई बोलत नाहीत ही खरी काळजीची गोष्ट, हे भाऊंच्या लक्षात यायला हवं होतं. पण विजयाच्या तयारीत असलेल्या माणसाचं बायकोकडं लक्ष नसतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुराव्यांसह डॉक्टरीणबाईंपुढं उभे राहिले. पुरावा क्रमांक एक म्हणून इमामसाबला आणलं होतं. चांगुणाबाई न बोलावता आल्या होत्या.

"बाई, मी कबूल करतो," भाऊ छाती काढून म्हणाले. "रात्री मी पट्टा काढून खुंटीला अडकवला होता. सकाळपर्यंत. म्हणजे ह्या अहवालातलं रात्रीचं ब्लडप्रेशर माझं न्हाय. खुंटीचं हाय. त्या खुंटीला काय गोळी द्यायची ती द्या, आन् मला चिठ्ठी द्या!"

"हौ, पावरलूम..." इमामसाबनं सुरुवात केली.

डॉक्टरीणबाईंनी अहवाल पुन्हा उघडला. त्या हसल्या नाहीत. "तळभंडारे, खुंटीला नाडी नसते. इथं प्रत्येक दाबापुढं नाडी आहे. जिवंत माणसाची. आणि पहाटे तर ती एकदम पळालीय, जिना चढउतार केल्यासारखी. पहाटे काय करत होता तुम्ही?"

"झोपलो हुतो की!"

"पाणी आलं हुतं," चांगुणाबाई म्हणाल्या.

चांगुणाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"खुंटीचं न्हाय बाई. माजं हाय ते."

"तुझं?" भाऊ म्हणाले.

"तुमी काडून ठिवलंसा. मी जागीच हुते. त्यो पोरगा म्हणला हुता, आकडं कमी पडलं तर पुन्हा जयंती झाल्याव तारीख. मग लेझीम हुकली असती की तुमची. म्हणून मी बांदलं माज्या हाताला. सकाळी परत तुमाला बांदलं."

"अगं पण दुसऱ्याच्या हाताला बांधून कसं चालंल?"

"दुसऱ्याच्या कसं?" चांगुणाबाईंना प्रश्नच कळला नाही. "ताट एक, मीठ एक, हांड्यातलं पाणी एक. इतकी वर्सं एका भाकरीवर जगतोय, दाब दोन कुटनं येतील? मला वाटलं, सारकाच आसंल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. बहुधा त्यांच्या अभ्यासक्रमात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग त्यांनी उठून स्वतःच्या हातानं चांगुणाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला. जरा वेळ बसवून पुन्हा घेतला. दुसऱ्या हाताचा घेतला.

"मावशी, कधी तपासलं होतं शेवटचं?"

"धम्मप्रियाच्या बाळंतपणाला."

"म्हणजे तुम्हाला मुलगी झाली तेव्हा?"

"व्हय."

"मुलगी काय करते आता?"

"मास्तरीण हाय. तिचा पोरगा धाव्वीला हाय."

जे आकडे त्यांनी पेठभर थापा म्हणून ओरडून सांगितले, ज्यांना माणसं बोटं लावून हसून गेली, ते चांगुणाचे होते. रोज रात्री त्यांच्या शेजारी झोपलेल्या बाईच्या अंगात गाड्या डेपोत येत नव्हत्या आणि या नियंत्रकाला पत्ता नव्हता.

"तुमचं रात्रीचं जयंती झाल्यावर पुन्हा मोजू. खुंटीविना," डॉक्टरीणबाई भाऊंना म्हणाल्या. "दिवसाचं तुमचं ठीक आहे, तोवर लेझीम खेळा, पण हळू. दम लागला की बसायचं. ही घ्या चिठ्ठी. आणि मावशी, तुमची आजपासून गोळी."

"मला नगं," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मावशी, दिवसाही दाब वर आहे..."

"मला काय झालंया? चालतीया, फिरतीया, धा घागरी पाणी वर नेतीया. गोळी एकदा धरली की जल्मभर सुटत न्हाय. अमरेशनंच सांगितलंय." आणि त्या उठून बाहेर गेल्या.

गोळ्यांचं पाकीट घरात आलं आणि फळीवर चटणीच्या डब्याशेजारी बसून राहिलं. भाऊंनी समजावलं, रागावले, डॉक्टरीणबाईंचा रबरी पाइप पुन्हा उलगडून सांगितला. चांगुणाबाईंचं एकच : "तुमी नाचा की. तुमाला चिट्टी गावली न्हवं?"

तेव्हा भाऊंनी लेझीम उचलली, पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली बनियनच्या खिशात.

"तू गोळी घेणार न्हाईस ना? मग मी खेळणार न्हाय."

"नका खेळू. माजं काय जातंय?"

पण जात होतं. दुसऱ्याच दिवसापासून लोक तिला टोकू लागले. पहिल्या रांगेची उजवी कड रिकामी राहणार, आणि कारण विचारलं तर भाऊ ओट्यावर बसून मोठ्यानं सांगायचे : "चांगुणाला विचारा." खेळू नका म्हणून जिनं जीव खाल्ला, तिलाच आता नवरा खेळत नाही म्हणून शेजारणी रागावत होत्या. सराव एक हात कमी धरून चालला. अमरेश स्वतः येऊन म्हणाले की गोळी जन्मभर सुटत नाही हे खरं, पण घेतली नाही तर जन्मच आधी सुटतो, हा भाग सांगायचा त्यांच्याकडून राहिला होता.

चौदा एप्रिलला दुपार कलल्यावर पथक दारात आलं. पांढरे कपडे, निळे फेटे, हलगीवाला शेकोटीवर हलगी तापवत होता. भाऊ बनियनवर बाजेवर बसलेले. नवनाथ आत आला.

"काका, जय भीम. उठा की."

"जय भीम. काकूला विचार."

नवनाथ स्वयंपाकघराच्या दारात गेला. "काकू, पाया पडतो. सगळी मिरवणूक थांबलीया आपल्यासाठी."

"थांबू दे. मी कुणाला थांबवलं न्हाय."

खिडकीतून इमामसाब ओरडले, "वैनी, एक गोळी का सवाल हाय! कंट्रोलर लई हट्टी हाय, गाडी सोडणार नाय!"

चांगुणाबाई बाहेर आल्या. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मेल्याव बी असाच हट्ट करणार का?"

"तू आधी मेलीस तर कुणासंगं करू?" भाऊ म्हणाले. "म्हणून आत्ताच करतोय."

"जल्मभर घ्यावी लागती म्हणत्यात."

"लग्न बी जल्मभरचंच केलंस की. तवा कुणाला इचारलं न्हाईस."

दारातली पोरं हसली. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळीवर हात घातला, पाकिटातून एक गोळी काढली, ती सगळ्या पथकाला नीट दिसेल अशी उंच धरली, जशी एखादी शपथ घ्यावी किंवा एखाद्याला शाप द्यावा, आणि तोंडात टाकली. वर पाणी प्यायल्या. हलगीवाल्यानं न सांगताच दणका दिला.

"झालं समाधान? आता उटा. आन् हळू!"

भाऊ पेटीचं कुलूप काढून, लेझीम घेऊन पहिल्या रांगेत उजव्या कडेला उभे राहिले. फेटा इमामसाबनं बांधला, जरा तिरपा, स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला जमेल तसा. पहिला चौक त्यांनी असा खेळला की बघणाऱ्यांनी मोबाइल वर धरले. दुसऱ्या चौकाच्या अलीकडं छाती भात्यासारखी हलू लागली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. आठवलं म्हणून नव्हे, तर पायांनीच ठरवलं म्हणून ते रांगेतून बाजूला झाले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

पायरीवर चांगुणाबाई आधीच बसल्या होत्या. निळी साडी, कपाळाला घाम.

"दमलासा?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. तू बसलीस म्हणून बसलो. तू दमलीस?"

"मी कशाला दमतीया? तुमी येताल म्हणून जागा धरली."

दोघंही धापा टाकत होते. पथक पुढं सरकलं, मागून दुसरं आलं, हलगीचा ठेका सगळ्या रस्त्यातून उसळत होता. भाऊंनी जरा वेळ पाहिलं. मग मांडीवरची लेझीम उचलली, कमान ताणली, आणि बसल्या जागी ठेक्यावर वाजवायला सुरुवात केली. डावा हात, उजवा हात, खाली, वर. चांगुणाबाई गुडघ्यावर ताल धरू लागल्या.

जाता जाता एका तरण्या पोरानं थांबून विचारलं, "काय काका, बसून लेझीम?"

भाऊंनी हात न थांबवता त्याच्याकडं पाहिलं.

"उभं ऱ्हाऊन कुणी बी खेळतंय."